फसवा मेसेज, ईमेल, क्यूआर कोड: ओळखायचा कसा आणि तक्रार कोणत्या क्रमानं करायची

पैसे गेल्याचं लक्षात आलं की बहुतेक लोक पहिला फोन त्या भामट्यालाच लावतात. तो उचलत नाही. मग विनवण्यांचे मेसेज, मग धमक्या. घरात सांगायची लाज वाटते म्हणून रात्र तशीच जाते. सकाळी बँकेच्या शाखेत रांग, तिथून पोलीस ठाणं, आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो: "१९३०ला, सायबर हेल्पलाइनला, फोन केला होता का?" तोवर रक्कम दोन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेली असते.

अशा वेळी लोक धावपळ भरपूर करतात, पण उलट्या क्रमानं. कागद आधी गोळा करतात आणि पैसे थांबवायला शेवटी जातात. दुसरी चूक जागेची. ज्या पोर्टलवर नुसता संशय कळवायचा तिथे गेलेल्या पैशांची तक्रार टाकून उत्तराची वाट बघत बसतात. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच वाचा. पहिला टप्पा आजच उरकून टाका, कारण तो वेळ आल्यावर करता येत नाही.

टप्पा १: आधीची तयारी

फोनमध्ये १९३० हा नंबर साठवा. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पूर्वी याच कामासाठी १५५२६० हा नंबर होता. जुन्या पोस्टमध्ये तो अजून फिरतो, तो विसरा.

आपल्या बँकेचा चोवीस तास चालणारा नंबर साठवा. तो कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा पासबुकावरून घ्या. गूगलवर "कस्टमर केअर" असं शोधून घेतलेला नंबर साठवू नका. त्या शोधात भामट्यांनी पेरलेले नंबर वर येतात आणि फसलेला माणूस मदत मागायला पुन्हा त्यांच्याच हातात जाऊन पडतो.

हे दोन्ही नंबर आणि आपला खाते क्रमांक एका कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसेल असा चिकटवा. फोनच हॅक झाला तर फोनमध्ये साठवलेल्या नंबरांचा काय उपयोग? आई-बाबा गावी राहत असतील तर त्यांच्याही घरी असा कागद हवा.

यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं ठेवा. रोजच्या खर्चापुरते पैसे त्यात, बचत दुसऱ्या खात्यात. माझ्या मते या यादीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, कारण बाकी सगळं चुकलं तरी नुकसानीला हद्द राहते. बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करा आणि कार्डाचे परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद ठेवा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. अँड्रॉइड फोनमध्ये "अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकू देणं" ही परवानगी कुठल्याही ॲपला दिलेली नाही ना, तेही बघा. व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला ती बऱ्याचदा दिलेली असते.

तपासा: घरातल्या प्रत्येकाला १९३० हा नंबर फोन न बघता सांगता येतो का?

टप्पा २: एसएमएस आणि व्हॉट्सॲप मेसेज

"शुद्धलेखनाच्या चुका बघा" हा सल्ला आता मोडीत काढा. फसवे मेसेज हल्ली नीटनेटक्या मराठीत येतात, त्यावर लोगो असतो, कधी कधी तुमचं नाव आणि गाडीचा नंबरही असतो. भाषेकडे बघण्यापेक्षा तीन गोष्टी बघा: मेसेज काय करायला सांगतोय, किती घाई करतोय आणि कुठल्या रस्त्यानं न्यायला बघतोय.

रस्ते मोजकेच आहेत. लिंक दाबा, ॲप टाका, या नंबरला फोन करा, कोड सांगा, कोड डायल करा. बँक, वीज कंपनी किंवा वाहतूक पोलीस यांचं खरं काम असेल तर ते तुम्हाला त्यांच्या अधिकृत ॲपवर किंवा साइटवर स्वतःहून जाऊनही दिसतं. म्हणून नियम एकच: मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवरून जायचं नाही, आपल्या नेहमीच्या वाटेनं जाऊन बघायचं.

मुंबईत सतत फिरणारे काही प्रकार:

विजेचा मेसेज. "मागील महिन्याचं बिल अपडेट नसल्यानं आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याला फोन करा." खाली एक साधा मोबाइल नंबर. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे "आज रात्री" हे दोन शब्दच पुरेसे आहेत. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतांशी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण: तुमची कंपनी कुठली हे बिलावर छापलेलं असतं. बऱ्याच फसव्या मेसेजमध्ये नुसतं "वीज कार्यालय" लिहिलेलं असतं, कारण पाठवणाऱ्याला तुमची कंपनी माहीत नसते.

गॅसचा मेसेज. महानगर गॅसच्या नावानं "बिल अपडेट करा, नाहीतर पुरवठा बंद" असं सांगून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात. फाइलच्या नावाच्या शेवटी "डॉट एपीके" असेल तर ते बिल नव्हे, फोनमध्ये टाकायचं ॲप आहे. बिल, चलान, लग्नपत्रिका, बँकेचं बक्षीस, यांतलं काहीही एपीके स्वरूपात येत नाही.

ई-चलानचा मेसेज. चलान खरं आहे का, हे महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर स्वतः पत्ता टाकून, गाडीचा नंबर देऊन कळतं. दंड असेल तर तिथेच भरा.

पार्सलचा मेसेज. "पत्ता अपुरा, २४ तासांत दुरुस्त करा, शुल्क फक्त पंचवीस रुपये." इथे त्यांना पंचवीस रुपये नको असतात. ते भरायला तुम्ही टाकलेला कार्ड नंबर आणि ओटीपी हवा असतो. याचंच दुसरं रूप म्हणजे डिलिव्हरीवाला असल्याचं सांगून *२१* किंवा *४०१* नं सुरू होणारा कोड डायल करायला लावणं. तसं केलंत तर तुमचे कॉल त्यांच्या नंबरवर वळतात आणि फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही त्यांना ऐकू जातात. चुकून डायल केलंच असेल तर लगेच ##००२# डायल करा, सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द होते.

"चुकून पैसे आले" हा मेसेज. तुमच्या खात्यात पाच हजार जमा, असा बँकेसारखा दिसणारा एसएमएस येतो आणि पाठोपाठ रडवेल्या आवाजात फोन: "दवाखान्यात भरायचे होते हो, चुकून तुम्हाला गेले." एसएमएसवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. पैसे खरंच आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका. त्याला म्हणावं, तुझ्या बँकेत तक्रार कर, माझ्या बँकेमार्फत परत येतील. असे पैसे कधी कधी दुसऱ्या कुणाच्या चोरीचे असतात आणि नंतर गोठतं ते तुमचं खातं.

एसएमएस कुणी पाठवला हेही बघता येतं. नोंदणीकृत कंपनीचा व्यावसायिक एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो अक्षरांच्या हेडरवरून, म्हणजे नंबराच्या जागी दिसणाऱ्या नोंदणीकृत नावावरून येतो, आणि २०२५पासून त्याच्या शेवटी डॅशनंतर एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकेच्या नावाचा मेसेज साध्या मोबाइल नंबरावरून आला तर तो खोटा धरा.

सावध: हेडर बरोबर दिसला म्हणून लिंक दाबायची मोकळीक मिळत नाही. हेडर ही पहिली चाळणी आहे, तिथे थांबू नका.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंकडून फाइल आली तरी उघडू नका. एपीके टाकून ज्यांचा फोन ताब्यात गेला, त्यांच्याच नावानं ती पुढच्या पन्नास जणांना जाते. आधी काकूंना फोन करा. त्यांच्याकडूनच आलीय का हे कळेल, आणि नसेल आली तर त्यांचाही फोन वाचेल.

टप्पा ३: ईमेल

पाठवणाऱ्याचं नाव वाचू नका, पत्ता वाचा. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. मोबाइलवर नावाला टिचकी मारली की पूर्ण पत्ता दिसतो. "ॲट"च्या पुढचा भाग महत्त्वाचा.

लिंकचा पत्ता वाचायची रीत एकदा शिकून घ्या, जन्मभर पुरेल. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन-तीन तुकडे वाचा. "बँकेचं नाव डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप" असा पत्ता असेल तर ती साइट "केवायसी-अपडेट डॉट टॉप"च्या मालकाची आहे. सुरुवातीचं बँकेचं नाव त्यानं नुसतं शोभेला लावलंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट "बँक डॉट इन" या शेपटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. ते शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. सरकारी साइटला बहुधा "जीओव्ही डॉट इन" असतं. शेपूट वेगळं दिसलं की थांबा.

प्राप्तिकराच्या परताव्याचा ईमेल आला तर इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन वर स्वतः लॉगिन करून बघा. परतावा मिळवायला कार्ड नंबर किंवा पिन लागत नाही.

पोलीस किंवा गुप्तचर खात्याच्या नावानं शिक्क्यासह "तुमच्यावर गुन्हा दाखल, २४ तासांत उत्तर द्या" अशी पीडीएफ येते. वाचून हातपाय गार पडतात, हे मी समजू शकतो. उत्तर देऊ नका, जोडलेली फाइल उघडू नका. "डिजिटल अरेस्ट" नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही.

छोटे व्यापारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी-खजिनदार यांच्यासाठी एक प्रकार फार घातक आहे. लिफ्टवाल्या किंवा रंगकामवाल्या कंत्राटदाराच्या नावानं ईमेल येतो: "आमचं बँक खातं बदललंय, या महिन्यापासून नव्या खात्यात पैसे पाठवा." बिल खरं असतं, रक्कम खरी असते, आधीचा पत्रव्यवहारही खाली जोडलेला असतो, कारण त्या कंत्राटदाराचाच ईमेल कुणीतरी वाचत बसलेलं असतं. यात एका झटक्यात लाखाच्या वर रक्कम जाते. उपाय साधा आहे, पण तो कमिटीच्या ठरावात लिहून ठेवा: खातं बदलल्याचा ईमेल आला की आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन केलात तर पलीकडून "हो, बदललंय" असंच ऐकू येईल.

टप्पा ४: क्यूआर कोड

क्यूआर म्हणजे छापलेला पत्ता. तो पैशांचा पत्ता असेल किंवा वेबसाइटचा. डोळ्यांनी बघून तो खरा की खोटा हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तपासणी स्कॅन केल्यानंतर आणि पिन टाकायच्या आधी करायची.

१. पैसे मिळवायला स्कॅन करायचं नसतं. यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. जुना सोफा विकायला काढलात आणि घेणारा म्हणाला, "ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका," तर तिथेच संभाषण संपवा. ॲपमधून "पैसे मागण्याची" विनंती पाठवूनही हाच डाव टाकत असत. १ ऑक्टोबर २०२५पासून दोन व्यक्तींमधली ती सोय बंद झाली, पण क्यूआरचा डाव चालूच आहे.

२. दुकानात, फेरीवाल्याकडे, पे अँड पार्कमध्ये स्कॅन केल्यावर स्क्रीनवर आलेलं नाव मोठ्यानं वाचा: "दादा, अमुक नाव येतंय, तुमचंच ना?" दोन सेकंद लागतात. दादरच्या मंडईतल्या गर्दीतही लागतात, पण खऱ्या कोडवर चिकटवलेला दुसरा स्टिकर याशिवाय पकडता येत नाही.

३. गणपतीच्या वर्गणीचा कोड व्हॉट्सॲपवर आला तर मंडळाच्या ओळखीच्या कार्यकर्त्याला विचारा. स्क्रीनवर मंडळाऐवजी कुणाचं तरी खासगी नाव येत असेल तर पावती हातात घेऊनच पैसे द्या.

४. पार्सलवर, भिंतीवर किंवा ईमेलमध्ये छापलेला कोड स्कॅन केल्यावर वेबसाइट उघडू लागली तर आधी पत्ता वाचा. कोड ईमेलमध्ये टाकण्याचं कारणच हे असतं की तो फोननं स्कॅन करावा लागतो आणि ऑफिसच्या संगणकावरची सुरक्षा बाजूला राहते.

५. व्हॉट्सॲपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये जाऊन कुणी कोड स्कॅन करायला किंवा आठ अक्षरी कोड टाकायला सांगत असेल तर ते तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या संगणकावर उघडताहेत.

दुकानदारांसाठी: रोज सकाळी दुकान उघडलं की आपल्याच कोडवर एक रुपया पाठवा आणि साउंडबॉक्स बोलतो का ते ऐका. गिऱ्हाइकानं दाखवलेला हिरवा "पेमेंट सक्सेसफुल" स्क्रीन पुरावा म्हणून धरू नका. तसा स्क्रीन दाखवणारी नकली ॲप आहेत. स्टिकरच्या कडा लॅमिनेशनखाली बंद ठेवा म्हणजे वर दुसरा चिकटवलेला लगेच कळतो.

टप्पा ५: आधी ठरवा, आपण नेमके कुठे आहोत

फोन उचलण्याआधी अर्धा मिनिट थांबून स्वतःला विचारा. पुढचा रस्ता यावरच ठरतो.

(अ) मेसेज नुसता आला, काहीच केलं नाही. याची जागा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टल किंवा ॲपमधलं "चक्षू". गेल्या ३० दिवसांत आलेला संशयित कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेज तिथे स्क्रीनशॉटसह नोंदवता येतो. नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल तर १९०९ या नंबरवर कळवा. फसवा ईमेल जीमेलमध्ये तीन टिंबांच्या यादीतून "रिपोर्ट फिशिंग" करून कळवा.

(आ) लिंक दाबली, माहिती भरली, ॲप टाकलं, पण पैसे अजून गेलेले नाहीत. थेट टप्पा ६.

(इ) पैसे गेले. टप्पा ७ वर जा, बाकी सगळं नंतर.

सावध: चक्षू गेलेल्या पैशांसाठी नाही. तिथे तक्रार टाकून लोक निर्धास्त होतात आणि १९३० राहून जातं. रक्कम कितीही छोटी असली तरी पैशांची तक्रार १९३०लाच.

टप्पा ६: ॲप टाकलं गेलं किंवा माहिती दिली गेली

१. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय वेगळं बंद करा. टाकलेलं ॲप तुमचे एसएमएस बाहेर पाठवत असतं, इंटरनेट तुटलं की ते थांबतं.

२. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला सांगा: यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड तिन्ही बंद करा. नुसतं कार्ड बंद करून थांबू नका, इथेच बरेच जण चुकतात. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

३. ॲपचं नाव, फाइल आणि ती पाठवणारा चॅट यांचे दुसऱ्या फोननं फोटो काढा.

४. मगच ॲप काढा. काढू देत नसेल तर सेटिंगमध्ये "डिव्हाइस ॲडमिन" आणि "ॲक्सेसिबिलिटी" यांतली त्याची परवानगी आधी बंद करा. तरीही जमलं नाही तर फोटो आणि नंबरांची प्रत काढून फोन फॅक्टरी रीसेट करा.

५. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला, पण त्या फोनवरून नव्हे. ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात.

६. एअरप्लेन मोड काढून ##००२# डायल करा आणि व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस तपासून अनोळखी उपकरण काढून टाका.

चूक: घाबरून आधीच फोन रीसेट करणं. पुरावा जातो आणि बँकेकडे चालू असलेला चोराचा शिरकाव तसाच राहतो.

टप्पा ७: पैसे गेले, पहिला तास

बँक आधी की १९३०? दोघं जण असाल तर दोघांनी एकाच वेळी दोन फोन करावेत. एकटेच असाल तर असं ठरवा: चोराकडे अजून आत शिरायची वाट असेल, म्हणजे कार्डाचा तपशील, ॲप किंवा स्क्रीन शेअरिंग त्याच्या हाती असेल, तर आधी बँकेकडून खातं बंद करून घ्या, नाहीतर तुम्ही १९३०शी बोलत असताना दुसरी रक्कम जाईल. तुम्ही स्वतःच्या हातानं एकदाच पैसे पाठवले असतील तर आधी १९३०.

१९३०वर विचारतात ते आधी समोर घेऊन बसा:

- तुमचं नाव आणि मोबाइल नंबर
- बँकेचं किंवा वॉलेटचं नाव, खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी, कार्डाचा व्यवहार असेल तर कार्ड नंबर
- प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ
- यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक. यूपीआयमध्ये तो १२ आकडी असतो आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारल्यावर दिसतो
- पैसे ज्याला गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खातं

ही माहिती यंत्रणेत गेली की पैसे ज्या बँकेत पोचले तिला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल ती रक्कम अडवली जाते. तिथून पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला. म्हणून यूटीआर चुकीचा सांगितला तर सगळी साखळी तुटते. आकडे दोन-दोन करून वाचा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

लाइन व्यस्त लागते. लागत राहील तोवर लावत राहा आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन उघडून तक्रार भरायला घ्या. रात्र आहे, रविवार आहे म्हणून थांबायचं कारण नाही.

तपासा: फोननंतर एसएमएसनं पोच क्रमांक आला का? नाही आला तर तक्रार नोंदली गेलीय असं धरू नका, पुन्हा फोन करा.

सावध: १९३०वर कुणी ओटीपी किंवा पिन विचारला तर तो फोन तोडा. खऱ्या हेल्पलाइनला तो लागत नाही.

टप्पा ८: पुरावा, पुसण्याआधी

राग येतो, तो चॅट डोळ्यांसमोर नकोसा होतो, आणि लोक सगळं पुसून टाकतात. तसं करू नका. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा पूर्ण नंबर आणि वेळ दिसायला हवी. नंबर "लिफ्टवाला" अशा नावानं साठवलेला असेल तर आधी संपर्क उघडून नंबराचाही स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲप चॅट "एक्स्पोर्ट" करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि हे सगळं झाल्यावरच ब्लॉक करा.

ईमेल फॉरवर्ड केला की त्याचं मूळ हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची नोंद, निघून जाते. तो इनबॉक्समध्ये तसाच राहू द्या आणि जीमेलमध्ये "शो ओरिजिनल"मधून मूळ प्रत उतरवून घ्या. क्यूआर स्टिकर असेल तर स्टिकरचा जवळून एक आणि जागा कळेल असा लांबून एक फोटो. बँकेकडून त्या दिवसाचं खातेपत्रक पीडीएफमध्ये घ्या.

टप्पा ९: पोर्टलवर पूर्ण तक्रार

१९३०वर फोन केल्यानं काम अर्धंच होतं. पोच क्रमांक घेऊन २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण करा. हा टप्पा गाळणारे फार जण भेटतात.

प्रत्येक व्यवहार वेगळ्या ओळीत भरा, पाच वेळा पैसे गेले असतील तर पाच नोंदी. वर्णनाच्या चौकटीत भावना, शिव्या किंवा अंदाज नकोत. घडलं त्या क्रमानं साधी वाक्यं लिहा, विशेष चिन्हं टाळा. नमुना असा:

"दिनांक अमुक रोजी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी मला अमुक क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर गॅस बिल नावाची एपीके फाइल आली. २ वाजून १५ मिनिटांनी मी ती फोनमध्ये टाकली. २ वाजून ४० मिनिटांनी माझ्या अमुक बँकेतील खात्यातून अमुक रक्कम अमुक यूपीआय आयडीवर गेली. यूटीआर क्रमांक अमुक. मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. २ वाजून ५५ मिनिटांनी बँकेला फोन केला, तक्रार क्रमांक अमुक. ३ वाजून ५ मिनिटांनी १९३० वर फोन केला, पोच क्रमांक अमुक."

ओटीपी सांगितला असेल तर तसं खरं लिहा. लपवलेली गोष्ट बँकेच्या नोंदीत दिसतेच आणि मग बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

टप्पा १०: बँकेला लेखी, मग पोलीस ठाणं

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली होती. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, कुणा तिसऱ्यानंच यंत्रणेतून पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर मर्यादित. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे कळवल्याची वेळ कागदावर असणं फार महत्त्वाचं आहे. हेल्पलाइनवर बोललात तरी त्याच दिवशी बँकेला ईमेल पाठवा आणि शाखेत पत्र दिलंत तर पोचेचा शिक्का घ्या.

मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तिथवर जाण्याआधी आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलात तरी चालतं. पोर्टलच्या तक्रारीची छापील प्रत, खातेपत्रक, स्क्रीनशॉट आणि ओळखपत्र दोन संचांत न्या. "तुमची बँक दुसऱ्या हद्दीत आहे" असं ऐकायला मिळालं तर शांतपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. एफआयआर झाला तर त्याची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंद होतच नसेल तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज द्या.

अडवलेली रक्कम बहुतेकदा आपोआप परत येत नाही. ती सोडवायला, विशेषतः रक्कम मोठी असेल तर, पोलिसांमार्फत न्यायालयाचा आदेश लागू शकतो. "होल्ड झालेत" हे ऐकून घरी बसू नका. किती रक्कम कुठल्या बँकेत अडली आहे हे तपास अधिकाऱ्याकडून लिहून घ्या आणि अर्जाचं काय झालं हे दर पंधरवड्याला विचारा.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट इथे गेलात तर तक्रार परत येते.

या काळात आणखी एक फोन येण्याची शक्यता धरून ठेवा. "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, प्रक्रिया शुल्क भरा" असं म्हणणारा माणूस वकील, सायबर तज्ज्ञ किंवा चक्क पोलीस म्हणून ओळख देतो आणि तुमची रक्कमही बरोबर सांगतो, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. पैसे सोडवायला पोलीस किंवा न्यायालय कुणाच्याही यूपीआयवर शुल्क मागत नाही. त्याचा नंबर, वेळ आणि स्क्रीनशॉट घ्या आणि तुमच्या आधीच्याच पोच क्रमांकाचा उल्लेख करून तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्या.